उरलेली अर्धी कुपी

पाठ उघडी टाकून तासभर पालथं पडायचं, अठ्ठेचाळीस टोचे सोसायचे आणि बदल्यात पुण्यात वेगळं बिऱ्हाड मिळवायचं. केतकी शिंत्रेला हा सौदा स्वस्तातला वाटला. आणि ती सौद्यात फसणारी बाई नव्हती. सांगलीच्या हळद तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने बारा वर्षं काढली होती. हळदीत कुणी किती पीठ मिसळलंय ते ती चिमूट चोळून सांगायची. आता पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. एक जूनला हजर व्हायचं. म्हणजे पद मिळणार होतं, दोनच खोल्यांचं का होईना पण स्वतःचं घर मिळणार होतं, आणि सात वर्षांच्या रेवाला उठताबसता ‘आजीला विचार’ न म्हणता वाढवता येणार होतं. ही शेवटची बाब तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. मनातल्या यादीत मात्र तीच पहिली होती.

आड येत होता एक बोका.

बोक्याचं नाव भाऊसाहेब. तलाठी कार्यालयाच्या कपाटात, जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्यावर सापडला म्हणून भाऊसाहेब. आणला होता केतकीच्या सासूबाईंनी. निर्मलाबाई शिंत्रे म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरात सुनेला ‘अगं’, मुलाला ‘अरे’ आणि बोक्याला ‘अहो’. ‘भाऊसाहेब जेवले का? भाऊसाहेबांचा डोळा लागला का?’ केतकी जेवली का, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. ती स्वयंपाकघरातच असते, जेवली असेलच.

भाऊसाहेबांना तीन वर्षांपासून खाज होती. कानामागे, मानेवर, पोटाखाली ते स्वतःला ओरबाडून रक्त काढत. मासळी बंद करून झाली, कोंबडी बंद करून झाली, उदबत्ती, फिनेल, शौचपेटीतली वाळू, सगळं बदलून झालं. स्टेरॉइडने खाज दबली, पण स्टेरॉइडनेच मधुमेह दिला. आता दिवसातून दोनदा इन्सुलिन. निर्मलाबाईंचा हात कापायचा. त्यांचा मुलगा, म्हणजे केतकीचा नवरा निनाद, ह्याला सुई बघवत नसे, रक्त बघवत नसे आणि आई नि बायको समोरासमोर बसलेल्याही बघवत नसत. त्यामुळे भाऊसाहेबांना सुई टोचायचं काम बाहेरून आलेल्या माणसाकडे, म्हणजे केतकीकडे आलं.

“आई, पुण्याचं पत्र आलंय,” केतकीने एप्रिलात विषय काढला. “निनादची कचेरी लॅपटॉपातच आहे, त्याला काय, कुठूनही—”

“जा की. मी अडवलंय का?” मांडीवरच्या गोधडीत झोपलेल्या बोक्याचं डोकं कुरवाळत निर्मलाबाई म्हणाल्या. “फक्त ह्यांना सुई कोण टोचणार तेवढं सांग.”

“निनाद, तू बोल ना काहीतरी.”

“आईचं म्हणणं तसं चूक नाही,” निनाद म्हणाला, “आणि तुझंही बरोबरच आहे.”

“हा जन्मला तेव्हापासून असाच,” निर्मलाबाई म्हणाल्या. “ऐक केतकी. ज्या दिवशी भाऊसाहेबांची सुई सुटेल, त्या दिवशी तू पुण्याला जा. शब्द देते. शिंत्र्यांच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत.”

हे मात्र खरं होतं. पुढे ते फारच खरं ठरलं.

मिरज रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉ. मुजावरांनी बोक्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि निदानाची नवी रीत सांगितली.

“रक्ताच्या तपासणीत चाळीस वस्तूंपुढे खूण येते, वहिनी. पण खूण म्हणजे खाज नव्हे. खाज नेमकी कशाने सुटते ते जिवंत कातडीवरच कळतं. आता मांजराची कातडी कशी असते? पुटपुटते. टोचलं तर गांधी उठते ती इतकी फिकी, की मला चष्म्यातूनही दिसत नाही. माणसाची कातडी ओरडते.”

शास्त्र असं होतं. आपल्या कातडीखाली, नाकात, घशात पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या अंगावर हजारो बारीक चिमटे खोचलेले. ह्या चिमट्यांना प्रतिपिंडं म्हणतात. चिमट्याचं तोंड एकच ठरावीक वस्तू पकडतं, शेपूट पेशीत रुतलेलं असतं. ती वस्तू तोंडात सापडली की पेशीला सांगावा जातो, पेशी तिच्यातला दारूगोळा बाहेर फेकते, आणि खाज, सूज, शिंका सुरू. एका माणसाचं रक्तद्रव दुसऱ्याच्या कातडीत टोचलं तर पहिल्याची ॲलर्जी तेवढ्या जागी दुसऱ्याला होते, हे डॉक्टरांना शंभरेक वर्षांपूर्वीच कळलं होतं. मांजराचा चिमटा माणसात बसत नव्हता, कारण शेपूट वेगळं. आता प्रयोगशाळेत तोंड मांजराचं आणि शेपूट माणसाचं असा चिमटा जुळवता येऊ लागला होता. तयार चिमटे टोचायचीही गरज उरली नव्हती. ते कसे घडवायचे याचा निरोपच कुपीत भरून टोचत. तीन आठवडे माणसाचं शरीर तो निरोप वाचून मांजराचे चिमटे घडवतं, मग विसरून जातं. तेवढ्या दिवसांत त्याच्या पाठीवर तपासणी उरकायची. अशी पाठ देणाऱ्याला ह्या धंद्यात ‘पाठदार’ म्हणू लागले होते.

पाठदाराला स्वतःची कसलीही ॲलर्जी असून चालत नसे. पुण्यात धंदेवाईक पाठदार होते, पण त्यांचा नंबर लागायला चार महिने. घरात बघावं तर निर्मलाबाईंना धूळ चालत नव्हती, निनाद हवा बदलली की महिनाभर शिंकत बसायचा. धुण्याभांड्याच्या आक्काताईंना विचारलं तर त्या पदर खोचत म्हणाल्या, “वैनी, माझं हाताचं काम ठरलंय. पाठीचं ठरलं न्हवतं.”

केतकीचा अहवाल पाहून डॉक्टर खूश झाले. “तुमच्या अंगात काही म्हणजे काही नाही. कोरी पाटी!”

“बाहेरून आलेली आहे ना,” निर्मलाबाई सहज म्हणाल्या.

डॉक्टरांनी केतकीपुढे कागद ठेवला. “सही करा. एकदा टोचलं की पुढचे तीन महिने पुन्हा नाही, हे लक्षात ठेवा. कुपीत दोन मात्रा येतात, कंपनी तशीच बनवते. एक टोचायची, एक फेकायची.”

“फेकायची?” निर्मलाबाई पुढे सरकल्या. “पैसे आम्ही दोन्हीचे भरले ना? मग कुपी आमची. द्या इकडे.”

“घरी नेऊन करणार काय, मॅडम? टाकूनच द्यायची आहे.”

“देऊ की टाकून.”

शिंत्र्यांच्या घरात ‘टाकून देणं’ म्हणजे फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्यामागे ठेवणं. एक्स्पायरी उलटलेल्या खोकल्याच्या औषधावर त्या घरच्या दोन पिढ्या वाढल्या होत्या. नवा फ्रिज बोलका होता. आतल्या वस्तूची मुदत संपली की गोड आवाजात सांगायचा. निर्मलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली होती.

पहिली तपासणी झाली. घरातल्या अठ्ठेचाळीस वस्तूंचे नमुने निर्मलाबाईंनी धुतलेल्या श्रीखंडाच्या डब्यांत आणि डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्यांत भरून, वर शाळेच्या अक्षरात चिठ्ठ्या लावून नेले. केतकी पालथी पडली. सत्तेचाळीस टोचे गप्प बसले. एकतिसावा वाटाण्याएवढा फुगला.

एकतीस म्हणजे गोधडी. निर्मलाबाईंच्या मांडीवरची, शिंत्र्यांच्या चार पिढ्यांच्या लुगड्यासाड्यांची. भाऊसाहेबांची गादी.

“गोधडीत नेमकं काय ते शोधावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “सूत, रंग, साबण, डांबरगोळ्या, धुळीतले किडे. शिवाय तिला तुम्हा सगळ्यांची कातडी लागलेली असणार. घरातल्या चौघांच्या कातडीचा थोडा थोडा कोंडा द्या. मी कोल्हापूरला पाठवतो, ते एकेक घटक सुटा करून टोचणीची पट्टी बनवतील.”

पट्टी घरपोच आली तेव्हा तेवीस दिवस उलटले होते आणि कुपीचा असर ओसरला होता. मधल्या दिवसांत केतकीला शिंका आल्या, त्या सगळ्यांनी उन्हाळी सर्दीच्या खाती घातल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, “हरकत नाही. पट्टी थंडीत ठेवा. जुलैअखेरीस नवी कुपी आणू.”

केतकीने बोटांवर मोजलं. जुलैअखेर. आणि तिला हजर व्हायचं होतं एक जूनला.

रविवारी सकाळी ती दही काढायला गेली, तर निर्मलाबाईच फ्रिजचं दार धरून उभ्या होत्या. हातात अर्धी कुपी.

“एवढं महागाचं औषध,” त्या म्हणाल्या. “नुसतं पडून आहे.”

“डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत, आई.”

“सांगितलेत खरे. मी काही म्हणत नाही. तुझी पाठ, तुझं पुणं.”

असं बोलायला मुख्याध्यापिकाच लागते. शिक्षा विद्यार्थिनीने स्वतः निवडायची.

केतकीला खरं तर ढकलायची गरज नव्हती. तिचं मन आधीच तिथे पोचलं होतं. मुदत म्हणजे काय हे तिला धंद्याने शिकवलं होतं. हळदीच्या पाकिटावर वर्षाची मुदत तीच घालायची, आणि आतली हळद दीड वर्ष टिकते हे तिलाच ठाऊक असायचं. लिहिणारा नेहमी हात राखून लिहितो. तीन महिने लिहिलंय म्हणजे महिना पुरेल. ह्या हिशेबात एकच चूक होती. हळद मेलेली असते; तिला टिकायचं असतं. शरीर जिवंत असतं; त्याला शिकायचं असतं.

चिकटपट्टीमागून फ्रिज काहीतरी पुटपुटला. निर्मलाबाईंनी दार लावलं.

सुई केतकीने स्वतःच मांडीत टोचून घेतली. भाऊसाहेबांमुळे हात बसलेला होता.

तीन दिवसांनी दिवाणखान्यात चटई टाकली. केतकी पालथी पडली. रेवाने स्केचपेनने आईच्या पाठीवर बारा चौकोन आखले, प्रत्येकात आकडा घातला आणि गुदगुल्या होतात म्हणून आई हलली तर “आई, स्थिर!” असं अगदी आजीच्या आवाजात दटावलं. निर्मलाबाईंनी कापऱ्या हातांनी पट्टी दाबली. निनाद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावण्याची जबाबदारी त्याने घेतली.

“एक, सूत. काही नाही,” निर्मलाबाई लाल पेनाने वहीत खुणा करू लागल्या. “दोन, साबण, नाही. डांबरगोळी, नाही. धुळीतले किडे, नाही. आठपर्यंत सगळे नापास.”

“नऊ कोण?” चटईत तोंड खुपसून केतकीने विचारलं.

निर्मलाबाईंनी चष्मा सारखा केला. “नऊ मी. फुगलाय.”

“दहा?”

“निनाद. फुगलाय.”

“अकरा मी आहे.”

“अकरा सपाट.”

“आणि बारा मी!” रेवा ओरडली. “आजी, बारा बघ! बारा सगळ्यात मोठा! अय्या, माझा पहिला नंबर!” आणि तिने टाळ्या पिटल्या.

निर्मलाबाईंनी वही मिटली. मांडीवर येऊ पाहणाऱ्या बोक्याकडे त्यांनी पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच हात मागे घेतला.

डॉ. मुजावर आधी हसले आणि मग चिडले. हसले ते निदानाला. प्रत्येक माणसाच्या कातडीचा कोंडा सतत गळत असतो, त्यात प्रथिनं असतात. त्यांतल्या एका प्रथिनाची घडण शिंत्रे घराण्यात जरा निराळी होती. आजीकडून मुलात, मुलाकडून नातीत ती आली होती. बोक्याला वावडं होतं ते ह्या घडणीचं. मासळी, उदबत्ती सगळे निर्दोष सुटले. तीन वर्षं भाऊसाहेब ज्या मांडीवर बसून खाजवत होते, ती मांडीच खाज होती.

रेवाच्या बारशाला सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, “अगदी शिंत्र्यांवर गेलीय हो! रंग बापाचा, नाक आजीचं.” केतकीने तेव्हा शोधशोधून कानाची पाळी तेवढी आपली ठरवली होती. कातडीचं कुणी बोललं नव्हतं.

चिडले ते अर्ध्या कुपीवर. “तुम्ही शिकलेली माणसं आहात! नको म्हणून सांगितलं होतं ना मी?”

“पण उत्तर मिळालं ना, डॉक्टर?” केतकी म्हणाली. डोळे चुरचुरत होते, नाक गळत होतं. घरात तिघांचा कोंडा हवेतच होता. “आता बोका बरा होईल की नाही?”

“होईल. कारण सापडलं की लस बनवता येते. ह्याच प्रथिनाचे अगदी सूक्ष्म डोस देत जायचं, हळूहळू त्याचं शरीर ते आपलं मानतं. दोनेक महिन्यांत स्टेरॉइड बंद, इन्सुलिन बंद. तुम्ही मात्र एकवीस दिवस ह्या तिघांपासून लांब राहा. कपडेसुद्धा वेगळे. कातडीचा कोंडा गळतो त्यातच ते असतं.”

रेवा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे ऐकत होती. मुलं ऐकत नाहीत असं मोठ्या माणसांना वाटतं, ही सोयीची समजूत आहे.

केतकी गच्चीवरच्या खोलीत राहायला गेली. पुण्याहून तिने दोन महिन्यांची सवलत मागून घेतली, ती मिळाली. भाऊसाहेबांच्या सुईला दवाखान्यातला माणूस दोन वेळा येऊन जायचा; तो दोन महिन्यांपुरताच कबूल झाला होता. आक्काताई ताट जिन्यावर ठेवायच्या. संध्याकाळी रेवा अंगणात उभी राहून वर बघून ओरडायची, “आई, नऊ झाले! बारा राहिले!” भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती रोज एक फुली मारत होती. केतकी वरून हात हलवायची आणि मनात पुण्याच्या घराचे पडदे निवडायची. एकवीस दिवसांत दोन खोल्या, एक नवरा, एक मुलगी. सौदा अजूनही स्वस्तातच होता.

बाविसाव्या दिवशी सकाळी रेवा जिना चढून वर आली. नहाण झालेलं, केस ओले. “संपले! आई, संपले!” म्हणत ती धावली आणि आईच्या गळ्यात पडली. गाल गालाला लावून तिने आईला घट्ट आवळलं. केतकीने डोळे मिटून तिचा वास घेतला, चांगला छाती भरून.

त्या वासाबरोबर जे आत गेलं त्याने तिसऱ्या मिनिटाला घसा बंद केला. ओठ सुजले, पापण्या मिटल्या, श्वासाची शिट्टी वाजू लागली. रेवाला आधी वाटलं आई गंमत करतेय. मग तिने जिन्यातून आजीला हाक मारली ती सबंध गल्लीने ऐकली.

मिरजेच्या इस्पितळात केतकी वाचली. आठवड्याने अहवाल आला. शरीर पहिला निरोप विसरायला आलं होतं. तेवढ्यात तोच निरोप दुसऱ्यांदा आला. एकदा ऐकलेलं शरीर विसरतं, पुन्हा ऐकलेलं जपून ठेवतं. लशीचा दुसरा डोस घेतात तो ह्याच तत्त्वावर. केतकीच्या हाडांच्या मगजात आता भाऊसाहेबांचे चिमटे घडवणारा कारखाना कायमचा सुरू झाला होता.

“कायमचा म्हणजे किती वर्षं?” तिने इस्पितळातल्या काचेच्या खोलीतून डॉ. मुजावरांना विचारलं.

“वहिनी, गोवर आला की किती वर्षं लक्षात राहतो?”

“मग ती लस मला द्या. बोक्याला देताय तीच. प्रथिन तेच, चिमटे तेच.”

डॉक्टरांनी खोकं दाखवलं. वर ठळक अक्षरांत होतं: फक्त प्राण्यांसाठी. “मी जनावरांचा डॉक्टर. पाठदाराची तपासणी करायची मला परवानगी आहे; माणसाला औषध टोचलं तर माझा परवाना जाईल. आणि माणसांचे डॉक्टर म्हणतात, असा आजार माणसात नोंदलेलाच नाही. नसलेल्या आजारावर लस कोण काढणार?”

“मग बोक्याची उरेल ती द्या,” केतकी हळूच म्हणाली. “फेकायचीच असते ना? मला द्या. मी टोचून घेईन, मला येतं.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “तुमची केस कळवल्यावर कंपनीने सगळ्या कुप्या एकेका मात्रेच्या केल्या, वहिनी. आता काही उरत नाही.”

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भाऊसाहेबांची साखर जागेवर आली. मानेवर नवे, रेशमासारखे केस उगवले. इन्सुलिन बंद झालं त्या दिवशी निर्मलाबाई गच्चीच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर, ठरलेल्या अंतरावर, येऊन उभ्या राहिल्या.

“शब्द दिला होता,” त्या म्हणाल्या. “भाऊसाहेबांची सुई सुटली. तू पुण्याला जा.”

“एकटी?”

“ते काही मी ठरवलेलं नाही.”

“आई, तुम्ही ती कुपी हातात घेऊन उभ्या होतात.”

“होते. तुला ‘घे’ म्हटलं का मी? आठव बरं.” निर्मलाबाईंचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट होता. “अगं, तुझं वाईट व्हावं असं कोणत्या तोंडाने म्हणेन मी? नुसतं वाया जाऊ नये एवढंच होतं मनात.”

ह्यात खोटं काही नव्हतं, आणि केतकीला तेच जास्त लागलं. लबाडी असती तर भांडता आलं असतं.

निनाद अंगणात उभा होता. “मी येतो म्हटलं असतं गं,” तो वर बघून म्हणाला, “पण मीच तुला चालत नाही ना. आता ह्यात मी काय ठरवणार?” आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या न ठरवण्याला वैद्यकीय दाखला मिळाला होता. तो दुःखी होता, पण खांदे सैल झाले होते.

“आणि रेवा?” केतकीने विचारलं.

आजीला विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

केतकी पुण्याला गेली. पद मिळालं, दोन खोल्या मिळाल्या, निवडून ठेवलेले पडदे लागले. रोज संध्याकाळी मोबाइलवर रेवा दिसायची. तिच्या मांडीवर बहुतेक वेळा भाऊसाहेब असत, पाय पसरून, पोट वर करून. “आई, हे आता मला चाटतात,” रेवा सांगायची. “त्यांना मी चालते.”

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निनाद तिला घेऊन पुण्याला आला. इमारतीच्या तळमजल्यावर काचेचं दार होतं. केतकी आत, ती दोघं बाहेर. केतकीच्या खिशात औषधाची भरलेली सुई होती, श्वास अडला तर टोचून घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. काचेपर्यंत येताना तिने तेवढ्या मिनिटांत काय काय बसेल ते मोजून ठेवलं होतं. एक मिठी. केसांतून एकदा हात.

रेवाने नव्या फ्रॉकवर निनादचा लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. काचेपाशी आल्यावर तिने बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात लालभडक सोलवटलेले, मधेमधे खपल्या धरलेल्या.

“निनाद! हे काय?”

निनाद दचकला. त्याने ते हात आत्ताच पाहिले होते. “मला... आई म्हणाली, पोर आता स्वतःच्या हाताने आंघोळ करते, शहाणी झालीय.”

“आई, मी रोज वज्रीने घासते,” काचेवर तोंड टेकवून रेवा म्हणाली. आवाजात पहिल्या नंबराची ऐट होती. “आजीची पाय घासायची वज्री आहे ना, तिनेच. काल तर मी उटणंही माझं मीच लावलं, आणि मग घासलं. आता कोंडा राहिलाच नाही. बघ ना. उघड.”

केतकीचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच थांबला. शेवटी ती हिशेबाची बाई होती. दार उघडलं तर ओठ सुजणार, आणि पोरीला वाटणार आपण घासण्यात कमी पडलो. नाही उघडलं तर वाटणार, आईला आपण नकोच आहोत. दोन्हीकडून भरायचं पोरीनेच.

“तुझ्या कातडीत काही वाईट नाहीये, राजा,” ती काचेतून म्हणाली. “तू नको घासूस. अजिबात नको.”

“मग उघड ना.”

केतकीने मूठ सोडली.

रेवाने आईच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. बाह्या नीट खाली ओढल्या. वर्गात गणित चुकल्यावर मूल विचारतं तसं तिने विचारलं, “अजून घासू का?”

सांगलीला त्या वेळी निर्मलाबाई दुपारच्या चहाला बसल्या होत्या. शब्द पाळला होता, मुलगा घरातच राहिला होता, नात घरातच राहिली होती. डॉ. मुजावरांचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला होता. निनादला काही ठरवावं लागलं नव्हतं. केतकीला पुणं मिळालं होतं, ठरलं होतं तसंच, शब्दशः. मांडीवरच्या गोधडीत भाऊसाहेब एकदाही न खाजवता झोपले होते.

आणि ह्या सौद्यात जिला कुणी विचारलं नव्हतं, जिने फक्त स्केचपेनने चौकोन आखले होते, ती पुण्याहून परतताना गाडीच्या मागच्या सीटवर बसून, शर्टाच्या बाहीत हात घालून, नखाने खपली काढत होती.